खोकला बिडीचा की कंपनीचा?

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातील कामगार वस्त्यांत खोकला ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पहिल्या पाळीला निघालेला माणूस दाराबाहेर येतो, दोन मिनिटे खोकतो, बेडका टाकतो, डबा उचलतो आणि चालू लागतो. घरचे म्हणतात, "बिडीचा खोकला आहे, जुनाच आहे." तो म्हणतो, "बिडीचं काय घेऊन बसलात, कंपनीत वास काय असतो तो येऊन बघा." आणि दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "बिडी ओढता का?" हो म्हटले की पुढची चौकशी बऱ्याचदा तिथेच संपते.

हा वाद आपल्या घराघरांतला आहे. खापर नुसते बिडीवर फोडले की कंपनी सुटते. नुसते कंपनीवर फोडले की बिडी सुटते. माणसाची छाती मात्र दोघांच्याही तावडीतून सुटत नाही. म्हणून छातीत नेमके काय घडते, बिडीचा वाटा किती आणि कारखान्याच्या हवेचा किती, हे प्रत्येक कामगार कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते.

छातीच्या आत

नाकातोंडातून घेतलेली हवा मुख्य श्वासनलिकेतून खाली जाते. या नलिकेला दोन फांद्या फुटतात, त्यांना पुन्हा दोन, पुन्हा दोन, अशा सुमारे २३ वेळा. शेवटी मोहरीहूनही लहान असे वायुकोश लागतात. माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून ते ३० कोटींहून अधिक असतात. हे सगळे वायुकोश उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे चाळीतल्या दहा बाय दहाच्या सात खोल्यांहून अधिक! एवढ्या पसाऱ्यातून प्राणवायू रक्तात जातो. दिवसाला वीस हजारांच्या आसपास श्वास आपण घेतो आणि हवेत जे असेल ते प्रत्येक श्वासाबरोबर आत जाते.

निसर्गाने या घराच्या सफाईची सोय केलेली आहे. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात आणि त्यांच्यावर चिकट स्रावाचा पातळ थर असतो. आत आलेली धूळ या थराला चिकटते आणि ते केस एका लयीत हलून तिला वर, घशाकडे ढकलतात. रात्रंदिवस न थांबता राबणारे हे आपल्या छातीतले सफाई कामगार आहेत. ते काम करतात तोवर छाती स्वच्छ राहते.

सूज म्हणजे काय?

बोटाला काटा लागला तर बोट लाल होते, सुजते, ठणकते. शरीर तिथे रक्तातील पांढऱ्या पेशी पाठवते आणि त्या शत्रूशी लढतात. काटा निघाला की चार दिवसांत सूज ओसरते. यालाच दाह म्हणतात. मुळात हा शरीराच्या रक्षणाचा उपाय आहे.

पण काटा रोजच टोचत राहिला तर? धूर किंवा तिखट वायू रोज आत गेला की श्वासनलिकांचे अस्तर कायमचे सुजते. स्राव करणाऱ्या ग्रंथी मोठ्या होतात, बेडका वाढतो, नळीभोवतीचे स्नायू आवळतात. नळाच्या पाइपात क्षार साचून पाण्याची धार बारीक होते तशी हवेची वाट बारीक होते. यातले गणित कठोर आहे. नळीचा व्यास निम्मा झाला तर अडथळा दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होतो. म्हणून थोडी सूजही माणसाला जिन्यावर थांबवते.

दुसरे नुकसान त्याहून खोल आहे. लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी काही तीव्र रसायने सोडतात. शत्रूसाठी सोडलेली ही रसायने वायुकोशांच्या नाजूक भिंतीच खाऊ लागतात. भिंती पडून अनेक लहान कोशांचा एक मोठा, ढिला फुगा होतो. फुफ्फुसाची लवचीकता जाते, हवा आत अडकून राहते आणि नवी हवा घ्यायला जागा उरत नाही. सूज औषधाने ओसरू शकते, पडलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. या आजाराला डॉक्टर 'सीओपीडी' म्हणतात. आपल्याकडे त्याला सरसकट दमा म्हणून मोकळे होतात, पण दमा वेगळा आणि हा वेगळा. दम्यात नळी आवळते आणि बहुतेक वेळा पुन्हा मोकळी होते. यात ती पूर्ण मोकळी होत नाही आणि वर्षागणिक बारीक होत जाते. भारतात २०१६ साली या आजाराचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, असा अंदाज २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

बिडीचा वाटा

अंबरनाथने कित्येक दशके देशाला काडेपेट्या पुरवल्या. तो कारखाना गेला, विम्को नाका हे नाव तेवढे राहिले. त्या काडीने चूलही पेटली आणि बिडीही.

बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असतो, वर झाडाचे पान असते, म्हणून ती कमी घातक असा पुष्कळांचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा फारशी झिरपत नाही, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून वरचेवर आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. धूर अधिक खोल जातो. मुंबईत १९९० च्या दशकात ३५ वर्षांवरील हजारो लोकांची नोंद करून डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षे त्यांचा मागोवा घेतला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तंबाखूला न शिवणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी, तर बिडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्क्यांनी अधिक निघाला. गरिबाची बिडी श्रीमंताच्या सिगारेटपेक्षा स्वस्त आहे, सौम्य नाही.

बिडीचा धूर छातीतल्या त्या सूक्ष्म केसांना लुळे करतो. दिवसभर सफाई बंद पडते. रात्री बिडी थांबली की केस थोडे सावरतात आणि साचलेली घाण वर आणतात. सकाळी उठल्या उठल्या येणारी उबळ ती हीच. वर्षातून तीन महिने बेडक्यासह खोकला आणि असे लागोपाठ दोन वर्षे, ही डॉक्टरांची जुनाट ब्राँकायटिसची व्याख्या आहे. आपल्या वस्तीत ही व्याख्या लावली तर 'जुनाच खोकला' म्हणून सोडून दिलेले कितीजण तिच्यात बसतील याचा विचार वाचकांनीच करावा.

सुजलेल्या छातीत क्षयालाही सहज वाव मिळतो. तमिळनाडूत झालेल्या आणि २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत क्षयाने मरण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक आढळले. बिडी पिणाऱ्यासारखीच बिडी वळणाऱ्याची छातीही तंबाखूची धूळ ओढत असते. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी विदर्भातील बिडी मजुरांची संघटना बांधली. 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिशीत, ते क्षयाने गेले. फुफ्फुसाच्या आजाराने या समाजाची किती माणसे अकाली नेली त्याची ही एक आठवण.

कंपनीचा वाटा

आता दुसरी बाजू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढे अंबरनाथ-बदलापूर भागात रसायने, रंग, औषधे यांचे कारखाने उभे राहिले. मोरिवली, चिखलोली, आनंदनगर, बदलापूरचे मानकिवली, सगळीकडे कारखान्याची भिंत आणि माणसाची वस्ती यांत फार अंतर नाही.

२९ नोव्हेंबर २०१४ रोजी उल्हासनगरच्या वडोल गावाजवळ वालधुनीच्या पात्रात रसायन सोडले गेले आणि त्यातून उठलेल्या वायूने शंभराहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरला एका कारखान्यातून वायुगळती झाली आणि शिरगाव परिसरातील लोकांना श्वास घेणे कठीण झाले. १२ सप्टेंबर २०२४ च्या रात्री अंबरनाथ शहरावर रसायनाचा धूर पसरला, लोकांचे डोळे आणि घसे चुरचुरले. या घटना वर्तमानपत्रांत आल्या. मात्र कारखान्याच्या आत, रिअॅक्टरजवळ उभा असलेला कामगार रोज जे थोडे थोडे घेतो, त्याची बातमी होत नाही.

सगळे वायू सारखे नसतात. अमोनिया, हायड्रोक्लोरिक अॅसिडची वाफ, सल्फर डायऑक्साइड हे पाण्यात चटकन विरघळतात. म्हणून ते आधी डोळे, नाक, घसा जाळतात आणि माणूस पळतो. नायट्रिक अॅसिडच्या कामात उठणारा तांबूस धूर आणि फॉस्जीन हे वायू फसवे आहेत. ते फारसे विरघळत नाहीत, थेट वायुकोशांपर्यंत जातात. सुरुवातीला थोडा खोकला येतो, मग बरे वाटते. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी भरते आणि माणूस गुदमरतो. तेव्हा असा धूर छातीत गेला असेल तर 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी येऊन झोपू नये. रुग्णालयात जावे, वायूचे नाव सांगावे आणि डॉक्टर सोडेपर्यंत देखरेखीखाली राहावे.

तिसरा प्रकार अॅलर्जीचा. काही रिअॅक्टिव्ह रंगांची भुकटी, रंगकामात आणि फोममध्ये वापरली जाणारी आयसोसायनेट रसायने यांनी निरोगी माणसालाही कामावरचा दमा जडतो. त्याची खूण सोपी आहे. पाळी चालू असताना किंवा रात्री घरी छाती भरते, सुट्टीच्या दिवशी किंवा गावी गेल्यावर मोकळी होते. अशा माणसाने पुढे तेच काम चालू ठेवले तर थोड्याशा वासानेही दम लागू लागतो. लवकर ओळखून कामाची जागा बदलणे हाच खरा उपाय.

आणखी एक गोष्ट. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क वायू अडवत नाही. साधा धुळीचा मास्क धूळ अडवील, वायू नाही. वायूसाठी त्या त्या रसायनाचे काडतूस असलेला श्वसनयंत्राचा मास्क लागतो आणि ते काडतूस वेळेवर बदलावे लागते. तो देणे मालकाचे काम आहे.

दोन्ही मिळून

बिडीने छातीतली सफाई बंद पाडली असेल तर कारखान्याची धूळ आणि वाफ आत जास्त वेळ राहते. कारखान्याने अस्तर सुजवलेले असेल तर बिडीचा प्रत्येक झुरका त्या जखमेवर पडतो. केमिकल लागलेल्या हाताने जेवणाच्या सुट्टीत पेटवलेली बिडी ते केमिकलही तोंडात नेते. म्हणजे दोघे एकाच घरात शिरलेले दोन चोर आहेत. एक पकडला म्हणून दुसरा निर्दोष ठरत नाही.

अमेरिकेतील छातीविकार तज्ज्ञांच्या संस्थेने २००३ साली सर्व अभ्यास एकत्र करून सांगितले की सीओपीडीच्या सुमारे १५ टक्के भारामागे कामाच्या जागेची हवा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के तंबाखू खाणारे आढळले. खाण्याच्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, ते संकट वेगळेच आहे. पण या आकड्यांचा अर्थ असा की आपल्याकडे धूर ओढणारे थोडे आणि न ओढणारे फार. मग खोकणाऱ्या प्रत्येकाला 'बिडी सोड' एवढेच सांगून परत पाठवणे कोणत्या शास्त्रात बसते? त्याला "काम काय करता, कोणत्या खात्यात, किती वर्षे?" हेही विचारले गेले पाहिजे. डॉक्टरांनी विचारले नाही तर आपण होऊन सांगावे.

घरातला धूरही विसरता कामा नये. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी सहकाऱ्यासह २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये, कधीही न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. चुलीचा धूर हे त्याचे एक मोठे कारण. लाकूड-गोवऱ्यांवर आयुष्य काढलेल्या आपल्या माता-भगिनींच्या छातीत बिडी न ओढताही तीच सूज असते. वालधुनीकाठच्या डासांमुळे रात्रभर दारे बंद करून मच्छर अगरबत्ती लावली जाते. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असू शकतात, असे २००३ सालच्या एका अभ्यासात दिसले. लहान मुले झोपतात त्या खोलीत तरी मच्छरदाणीच बरी.

एक्स-रे क्लिअर, तरी धाप का?

पुष्कळ कामगार सांगतात, "एक्स-रे काढला, थुंकी तपासली, सगळं क्लिअर आहे." क्षय नाही हे चांगलेच, पण या आजाराच्या सुरुवातीला एक्स-रे बहुधा स्वच्छच दिसतो. नळी किती बारीक झाली हे छायाचित्रात कळत नाही. त्यासाठी यंत्रात जोराने फुंकण्याची तपासणी करावी लागते. तिला स्पायरोमेट्री म्हणतात. सुई नाही, वेदना नाही, काही मिनिटांचे काम. पूर्ण श्वासातली किती हवा पहिल्या एका सेकंदात बाहेर पडते हे त्यात मोजतात. औषध ओढल्यानंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांखाली राहिले तर नळीत कायमचा अडथळा आहे असे धरतात.

वयाची चाळिशी ओलांडलेल्या, रसायनाच्या कारखान्यात दहा वर्षे काढलेल्या किंवा बिडी ओढणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी आग्रहाने मागावी. तिचा कागद जपून ठेवावा. दोन वर्षांनी पुन्हा करावी. आकडा किती घसरला हे त्या कागदावरूनच कळते आणि हक्काची गोष्ट निघाली तर तोच कागद बोलतो.

कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते (१९४२ ते १९४६), त्या काळात प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली दिला. त्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा आला. पगारातून ज्याचा हिस्सा कापला जातो ते 'ईएसआय' हेच. कामामुळे होणारा दमा कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेतील कामगाराला धोक्याची माहिती देणे, त्याच्या आरोग्याची नोंद ठेवणे आणि ती त्याला पाहू देणे ही मालकाची जबाबदारी ठरली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय नव्या कामगार संहितांखाली आला आहे. त्यांतही ही जबाबदारी आहे आणि ठरावीक वयाच्या व वर्गाच्या कामगारांची वार्षिक मोफत तपासणीही आहे.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्या आपल्या मुलांनी विशेष ध्यानात ठेवावे. ठेकेदाराने ईएसआयचा हिस्सा भरला नाही म्हणून मूळ मालक हात झटकू शकत नाही. विमा क्रमांक मागून घ्या. हजेरीचा, खात्याचा, हाताळलेल्या रसायनाचा पुरावा एका वहीत लिहून ठेवा. हे काम घरातली शाळेत जाणारी मुलगीही करू शकते.

बिडी सोडताना

हक्क मागणाऱ्या माणसाच्या हातात बिडी असेल तर समोरचा तिच्याकडेच बोट दाखवतो. म्हणून आमचे म्हणणे असे की बिडी सोडायचीच, आधी स्वतःच्या छातीसाठी आणि मग त्या बोटाला उत्तर म्हणून.

"आता सोडून काय उपयोग?" असे पन्नाशीचे बंधू विचारतात. लंडनमध्ये चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी ७९२ नोकरदार पुरुषांची श्वासाची ताकद आठ वर्षे दर सहा महिन्यांनी मोजलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९७७ साली मांडले. ज्यांच्या छातीला धूर बाधतो त्यांची ताकद झपाट्याने घसरते. सोडल्यावर गेलेली ताकद फारशी परत येत नाही, पण घसरण पुन्हा न ओढणाऱ्याइतकी संथ होते. ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या पाहणीत (२००४) दिसले की तिशीत सोडणाऱ्याला सुमारे १०, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीतही ३ वर्षे जास्त आयुष्य मिळते.

एक सूचना मात्र घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी. बिडी सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो. "सोडली आणि खोकला वाढला, म्हणजे बिडीच बरी होती," असे म्हणून पुष्कळजण पुन्हा पेटवतात. वास्तविक ते चांगले लक्षण आहे. लुळे पडलेले सफाई कामगार पुन्हा कामावर आले आहेत आणि साचलेली घाण बाहेर काढीत आहेत. तेवढे दिवस घरच्यांनी धीर द्यावा, टोमणे मारू नयेत. खोकल्यात रक्त आले, ताप राहिला किंवा वजन घटले तर मात्र लगेच तपासणी करावी. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या शासकीय क्रमांकावर फुकट बोलता येते.

डॉक्टरांनी पंप दिला तर घाबरू नये. पंपाची सवय लागते ही समजूत खोटी आहे. गोळीपेक्षा कितीतरी कमी औषध थेट नळीत जाते. फक्त तो घ्यायचा कसा हे डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावे.

बंधू-भगिनींनो, खोकला बिडीचा की कंपनीचा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत 'दोघांचाही' असेच आहे. बिडी आपल्या हातात आहे, ती आजच टाकता येते. कंपनीची हवा एकट्याच्या हातात नाही, ती चार कामगारांनी मिळून, तपासणीचे कागद पुढे ठेवूनच बदलावी लागेल. तेव्हा येत्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या खोकणाऱ्या माणसाला सोबत घेऊन दवाखान्यात जा आणि फुंकण्याची तपासणी मागा.